चाल चालेना

दूर किर्गिझांच्या मुलखात, डोंगर जिथे ढगांत शिरतात,
उंच उंच पांढऱ्या टोप्या मिरवत माणसं फिरतात,
तिथे होतं एक गाढव. नाव त्याचं चाल.
(चाल म्हणजे तिकडे म्हातारा! दाढी पांढरी, नाक लाल.)
नावात चाल, पायांत नाही. त्याला कसली घाई?
मधेच रुसून उभा राही, जसा मांडवातला जावई.

त्याचा दोस्त एर्मेक. वय वर्षे नऊ.
लांडगा दिसला तरी म्हणेल, "बस रे, देऊ का खाऊ?"
पुस्तक दिसलं की मात्र याच्या पोटात गोळा:
"अक्षरं कसली? मुंग्या त्या! चावतात माझा डोळा!"

एके दिवशी दळण घेऊन निघाली ही जोडी.
पुलाच्या अगदी मधोमध चालने केली खोडी.
थांबला.

ढकललं. ओढलं. गोंजारलं. ढिम्म!
गाजर दिलं. गाजर गेलं. चाल तिथेच. ढिम्म!
मागे ट्रक, ट्रकमागे मेंढ्या, मेंढ्यांमागे वऱ्हाड,
सगळ्यांपुढे गाढव उभं, जसा काही पहाड.

दमून एर्मेक खाली बसला, सोडली पावाची पुडी.
पुडीवरती मुंग्याच मुंग्या! घ्यावी का नदीत बुडी?
करायला काही नव्हतंच दुसरं, म्हणून वाचलं अडखळत:
"चु-ली-वर सूप ए-कटंच होतं र-टरटा उ-कळत.
रा-जाचा आ-चारी रा-तोरात झा-ला होता गु-डूप.
रा-णीने झा-कण काढलं आणि हु-ंगलं ते सूप..."

चालचे कान ताठ!
एर्मेक वाचे, चाल चाले, संपली पुलाची वाट.

"सूप ढवळलं, तर सुपात होता एक—"
इथे कागदच संपला.
गिरणी दहा पावलांवर. चाल पुन्हा थांबला.

एर्मेक धावला दुकानात. "झुराआजी, पुढचं पान?"
आजी म्हणाली, "रद्दीचं पुस्तक! पुड्या झाल्या छान.
साखर गेली मास्तरणीकडे, खिळे गेले लोहाराला,
साबण नेला पैलवानाने, मीठ गेलं मेंढपाळाला."

मग काय! एर्मेक दारोदार, मागे मागे चाल.
पैलवान म्हणे, "पान देईन. आधी मागचं सांगाल?"
लोहार आला हातोड्यासकट, "सुपात होता बूट!
पण बूट कुणाचा? सांगा मला, नाही तर करीन कूट!"
मास्तरीणबाई धावत आल्या अर्धेच केस विंचरून,
"थांबा! माझ्या पानात राजा बसलाय कपाटात लपून!"

रात्री सगळे चुलीपाशी. पानाला पान जुळे.
झुराआजीचे पाव करपले, कोणालाही न कळे.
"आणि शेवटी आचारी सापडला! पण कुठे? तर—"
पुढचं पान गायब. शोधलं वर, खाली, घरभर.

तेवढ्यात चालने ढेकर दिला.
दाढीत कागदाचा तुकडा.

आता अख्ख्या गावात शेवट ठाऊक फक्त त्याला.
आणि तो तर बोलत नाही!

एर्मेकने मग शेवट रचले. आचारी बसला ढगात,
आचारी शिरला बुटाच्या आत, आचारी राणीच्या फ्रॉकात.
आवडला तर चाल चाले, नाही तर मिटे डोळे.
पंधरा दिवसांत एर्मेकचे रिकामे झाले झोळे.
नव्या गोष्टी आणायच्या तर शोधायच्या तरी कुठं?
तालुक्याच्या वाचनालयाचं दार झालं एर्मेकला छोटं:
जाताना तो मावत होता, येताना नाही मावला,
हनुवटीपर्यंत पुस्तकं घेऊन आडवा होऊन धावला.

परवा पुन्हा पुलावरती खोळंबली गावची रहदारी.
ट्रक होता, मेंढ्या होत्या, पोंगा वाजे भारी.
पुलाच्या अगदी मधोमध कोण उभं? एर्मेक!
नाक पुस्तकात. हाकांवर हाका. ऐकू येईना एक.

ढकललं. ओढलं. गोंजारलं. ढिम्म!
शेवटी चालने हळूच दिली डोक्याने एक ढुशी,
(गाजर त्याने आधी दिलं होतं. खाल्लंही स्वतःच, खुशीखुशी.)
दाढी हलली, कान हलले, नाक झालं लाल लाल,
जणू गाढव म्हणत होतं,
"बाबा रे, आता तू चाल!"